छायाचित्रकाराचे हक्क

छायाचित्र घेणाऱ्या व्यक्तीस आपल्या छायाचित्राच्या प्रती काढणे, ते प्रसिद्ध करणे, जनतेपर्यंत पोहोचविणे व तसे करण्याची परवानगी इतरांस देणे यांबाबत कायद्याने मिळणारे अनन्य अधिकार, तसेच त्या छायाचित्राचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार, यांना छायाचित्रकाराचे हक्क असे म्हणतात. पहिल्या प्रकारचे हक्क आर्थिक स्वरूपाचे असून त्यांचे हस्तांतर करता येते. दुसरा हक्क व्यक्तिगत असून तो हस्तांतरानंतरही छायाचित्रकाराकडेच राहतो. संगणकजालावरील छायाचित्र-संकेतस्थळांच्या प्रसारानंतर या भेदाला विशेष महत्त्व प्राप्त झाले.

इतिहास : छायाचित्रणाची कला मुंबईत लवकर रुजली. १८५४ मध्ये तेथे ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून छायाचित्रांची एक मालिका क्रमशः प्रसिद्ध केली. कायद्याचे संरक्षण मात्र या कलेला नव्हते. हिंदुस्थानातील १८४७ चा कायदा ग्रंथांपुरता होता, तर चित्रे व छायाचित्रे यांना संरक्षण देणारा १८६२ चा ब्रिटिश कायदा वसाहतींना लागू होत नव्हता. काचेची निगेटिव्ह ताब्यात असणे हाच त्या काळी व्यावहारिक हक्क होता. पेढी विकली गेली, की निगेटिव्हही नव्या मालकाकडे जात आणि मूळ छायाचित्रकाराचे नाव पुष्कळदा लोप पावे.

छायाचित्र ही यंत्राची करणी की माणसाची निर्मिती, हा प्रश्नही त्या काळी वादाचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये नेपोलियन सारोनी याने घेतलेल्या ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्राबाबत निर्णय देताना मांडणी, वेशभूषा व प्रकाशयोजना यांतील छायाचित्रकाराची कल्पकता मान्य केली. १८८६ च्या बर्न करारात छायाचित्रांना निश्चित स्थान १९०८ च्या बर्लिन येथील सुधारणेने मिळाले.

ब्रिटनचा १९११ चा कायदा काही फेरफारांसह १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला. त्यानुसार निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी जो तिचा मालक असेल, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. म्हणजे कॅमेरा हाताळणारा नव्हे, तर निगेटिव्हचा धनी हा कर्ता ठरे. २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आलेल्या १९५७ च्या भारतीय कायद्याने ही कल्पना बदलली व छायाचित्र घेणारी व्यक्ती हाच कर्ता, अशी व्याख्या केली. तथापि कलम १७ मध्ये महत्त्वाचे अपवाद आहेत. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा पहिला स्वामी काढवून घेणारा असतो. नोकरीच्या ओघात काढलेल्या छायाचित्रांबाबत मालकाला हक्क मिळतात. लग्नसमारंभाची छायाचित्रे सामान्यतः पैसे देणाऱ्या कुटुंबाच्या स्वामित्वाची ठरतात, ती या नियमामुळेच.

स्वामित्व आणि श्रेय या भिन्न गोष्टी आहेत, हे होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या उदाहरणावरून दिसते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या छायाचित्रकर्तीची आरंभीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९५७ च्या कायद्यातील कलम ५७ अशा स्थितीत उपयोगी पडणारे आहे. स्वामित्व दुसऱ्याकडे गेले तरी कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या लौकिकास बाध आणणाऱ्या विकृतीस प्रतिबंध करण्याचा अधिकार ते कर्त्यास देते.

संरक्षणाची मुदतही क्रमाने वाढली. १९५७ च्या कायद्यात ती प्रकाशनापासून ५० वर्षे होती; पुढे ती ६० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रे इतर कलाकृतींच्या पंक्तीस बसविली. त्यानुसार कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो.

संकेतस्थळे व परवाना : फ्लिकर (२००४), इन्स्टाग्राम (२०१०) इ. संकेतस्थळांवर छायाचित्र चढविल्याने स्वामित्व संकेतस्थळाकडे जात नाही. मात्र सभासद होताना मान्य केलेल्या अटींनुसार संकेतस्थळाला सामान्यतः विनामोबदला, जगभर लागू होणारा व इतरांस पुढे देता येण्याजोगा परवाना मिळतो. १९५७ च्या कायद्यानुसार परवाना लेखी असावा लागतो. मुदत नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद नसल्यास भारतापुरता समजला जातो. म्हणूनच हे परवाने शब्दांत व्यापक ठेवलेले असतात. त्यांचा लाभ तिऱ्हाइताला आपोआप मिळत नाही. डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने जानेवारी २०१० मधील हैतीच्या भूकंपाची छायाचित्रे ट्विटरशी जोडलेल्या सेवेवर चढविली होती. एका वृत्तसंस्थेने ती परवानगीवाचून वितरित केली आणि ट्विटरच्या अटींचा आधार घेतला. न्यूयॉर्क येथील न्यायालयाने तो २०१३ मध्ये अमान्य केला व त्याच वर्षी ज्यूरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर भरपाई ठरविली. याउलट, ठराविक अटींवर सर्वांना वापराची मुभा स्वेच्छेने देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत; त्यांपैकी बहुतेकांत कर्त्याचे नाव देणे बंधनकारक असते.

या नियमांचे व्यावहारिक स्वरूप पनवेल तालुक्यातील उदाहरणाने स्पष्ट होईल. नवी मुंबई विमानतळासाठी (उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५) तेथील दहा गावे हलविण्यात आली व त्यांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन करंजाडे-वडघर परिसरात झाले. उलवे टेकडी सपाट झाली. तेथील जुनी घरे, देवळे व खाडीकाठ आता मुख्यतः छायाचित्रांतच पाहावयास मिळतात. करंजाडे येथील रहिवाशाने स्वतः घेतलेले असे छायाचित्र संकेतस्थळावर चढविले, तर नोंदणी न करताही तो त्याचा स्वामी राहतो आणि दुसऱ्या कोणास ते पुस्तकात अगर जाहिरातीत छापावयाचे झाल्यास त्याची परवानगी आवश्यक असते. मात्र गावच्या छायाचित्रकाराने आपणहून काढलेल्या छायाचित्राची छापील प्रत घरात असली, तरी ती जवळ बाळगणाऱ्यास ते चढविण्याचा हक्क मिळत नाही. प्रतीची मालकी व छायाचित्राचे स्वामित्व एक नव्हे.

हक्कभंग झाल्यास छायाचित्रकार संकेतस्थळाच्या चालकाकडे लेखी तक्रार करू शकतो. २०१३ च्या नियमांनुसार तो मजकूर ३६ तासांत रोखावा लागतो. तथापि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आणल्यास चालक तो पुन्हा खुला करू शकतो. छायाचित्राच्या फाईलमधील कर्त्याचे नाव व हक्काची माहिती अनधिकाराने हेतुतः काढून टाकणे, हा कलम ६५ ब खाली दंडनीय गुन्हा आहे.

मर्यादा : छायाचित्रकाराचा हक्क छायाचित्रातील व्यक्तीच्या हक्काला बाधक ठरू शकत नाही. खेड्यातील एका स्त्रीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून परदेशी संकेतस्थळावर विक्रीस ठेवले गेले व पुढे शासकीय जाहिरातींत वापरले गेले, अशी याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने प्रश्न गंभीर मानून केंद्र शासन, काही राज्य शासने व संबंधित संकेतस्थळ यांस नोटिसा काढल्या. छायाचित्र घेणाऱ्यास मिळणाऱ्या स्वामित्वात छायाचित्रातील व्यक्तीची संमती अंतर्भूत नसते. ती स्वतंत्रपणे मिळवावी लागते.