सिकल सेल: मध्य भारताने शिकवलेला अचूक उपचार

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत ‘बिरसा १०१’ या उपचारपद्धतीची घोषणा झाली. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावरील ही पहिली स्वदेशी क्रिस्पर जनुकोपचार पद्धती. ती सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेत विकसित झाली आणि पुढील विकासासाठी तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. रुग्णाच्या जनुकाकडे पाहून उपचार ठरवणे, म्हणजेच ‘प्रिसिजन मेडिसिन’, आता आपल्या दाराशी आले, अशी या वार्तेची मांडणी झाली. वस्तुतः या विचाराची मुळे आपल्याच भूमीत बरीच जुनी आहेत.

रायपूरचा बुढापारा हा तलावाकाठचा जुना भाग. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा येथेच आहे. सप्रे घराने मराठी, कीर्तीने हिंदी पत्रकारितेचे अग्रणी. अशी मराठी घरे छत्तीसगडात आली, कारण हा प्रदेश प्रथम नागपूरकर भोसल्यांच्या व पुढे मध्य प्रांताच्या अमलाखाली होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सीमा बदलल्या, पण विदर्भ आणि छत्तीसगड यांना जोडणारा एक धागा रक्तातच राहिला. तो म्हणजे सिकल सेलचे जनुक.

हा विकार आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘रेणवीय आजार’ म्हटले. रोगाचे कारण एका रेणूतील दोषात शोधण्याची ही पहिलीच वेळ. १९५७ पर्यंत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोषही नेमका दाखवला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याने, प्राणवायू कमी पडताच, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम नोंदले गेले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील रुग्णांविषयीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे रायपुरात डॉ. प्रदीप पात्रा आणि सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधील साडेतीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ९.३ टक्के लोक वाहक आढळले. विदर्भ आणि छत्तीसगडात हा विकार केवळ आदिवासींपुरता नाही. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे. ही गोष्ट धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये. कोणाकडे पाहायचे हेच चुकले, तर पुढची सारी अचूकता व्यर्थ ठरते.

१९८६ मध्ये आणखी एक उलगडा झाला. भारतातील सिकल जनुकाभोवतीची जनुकीय ठेवण आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी निघाली. हे उत्परिवर्तन आशियात स्वतंत्रपणे घडले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. या ‘अरब-भारतीय’ ठेवणीत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही तुलनेने अधिक राहते आणि ते पेशी वाकण्याला अटकाव करते. यावरून भारतीयांचा आजार सौम्यच असतो, असा समज पसरला. पण नागपुरात नवजात बालकांची तपासणी करून त्यांचा पुढे मागोवा घेतला गेला, तेव्हा अनेक मुलांना तीव्र त्रास होत असल्याचे दिसले. जनुकाची ठेवण कळणे म्हणजे रुग्ण कळणे नव्हे.

औषधाचेही तसेच. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत ते दर किलो वजनामागे दिवसाला १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून सोसेल तितके वाढवत नेतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना केवळ १० मिलिग्रॅमची स्थिर मात्रा देऊन पाहिली आणि वेदनेचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाले. ओडिशातील वैद्यांचा अनुभवही असाच होता. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि वारंवार रक्ततपासणीचा कमी जाच. प्रिसिजन मेडिसिन म्हणतात ते हेच. येथे कोट्यवधींचे यंत्र नव्हते. आपल्या रुग्णांकडे आपल्या डोळ्यांनी पाहण्याची शिस्त होती.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना त्यांची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. या टप्प्यावर अमेरिकेचा इतिहास आठवावा. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकल तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला भेद नीट समजावला गेला नाही. परिणामी निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. १९७२ च्या संघीय कायद्याला स्वेच्छेवर भर द्यावा लागला. आपल्याकडे या कार्डाची झळ प्रथम लागेल ती विवाहाच्या बोलणीत, आणि बहुधा मुलीला. म्हणून तपासणीइतकेच समुपदेशन महत्त्वाचे. वाहक हा रुग्ण नसतो. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारांत एक असते. हे वाक्य प्रत्येक घरी, त्या घरच्या बोलीत पोहोचले पाहिजे.

जनुकात बदल करणारा पहिला परदेशी उपचार, ‘कॅसजेव्ही’, अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर. भारतीय पद्धत स्वस्त ठरावी, ही आशा रास्त आहे. तरीही ती खाटेपर्यंत पोहोचेतोवर रुग्णाच्या हाती हायड्रॉक्सियुरियाच असणार आहे. बस्तरच्या किंवा गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी महिनाभर खंड न पडता मिळते का, हा प्रश्न जनुकोपचाराइतकाच वैज्ञानिक आहे. १९५८ पासूनचा हा इतिहास सांगतो की रोगाचे ज्ञान आपल्याकडे कधीचे आले आहे. राष्ट्रीय धोरणाची खरी परीक्षा ते ज्ञान रुग्णापर्यंत नेण्यात आहे.