पदाच्या डोक्यावरची ओळ

ढोकी-तेर पट्ट्यातल्या एखाद्या भजनी मंडळाची वही उघडली, की अभंगाच्या वर बारीक अक्षरात ‘चाल’ असा शब्द आणि पुढे सिनेमाच्या गाण्याचं तोंड लिहिलेलं दिसतं. पेटीवाल्याला तेवढं पुरतं. जाणकार मंडळी याला उथळपणा म्हणतात. त्यांनी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं पाहावीत. तिथंही पदाच्या डोक्यावर हीच ओळ छापलेली असते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदं नवी लिहिली, चाली मात्र लोकांच्या कानावरच्या घेतल्या: साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदं, कानडी मुलखातल्या चाली. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, तेव्हा कानडी त्यांना परकी नव्हतीच. लंडनमध्ये जॉन गे यानं १७२८ साली हेच केलं होतं; त्याच्या ‘बेगर्स ऑपेरा’तली ६९ गाणी बहुतेक प्रचलित चालींवर बेतलेली होती. (पु. लं.चा १९७८चा ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेख्तमार्गे त्याच नाटकाचा वंशज.)

१९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग आणला. हे गाणं मुख्यतः बायकांच्या कोठ्यांवर आणि मैफलींत वाढलेलं. मराठी घरांतल्या बायकांना तिथं जाता येत नव्हतं. नाटकामुळं तेच सूर त्यांच्या ओठांवर आले.

‘एकच प्याला’त हा व्यवहार सर्वांत उघड दिसतो. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले. पदं वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व मंडळींनी नाटक लावलं. त्यातल्या चाली दिल्या पुण्याच्या सुंदराबाई जाधवांनी. बैठकीत गाणाऱ्या बाईचे सूर दारुड्याच्या सोशिक बायकोच्या, सिंधूच्या, तोंडी गेले आणि सिंधू उभी केली बालगंधर्वांनी! ज्या बाईकडं सभ्य घरांनी पाहू नये, तिच्याच चालींवर ती घरं हुंदके देत होती. ती पदं आजही ‘बालगंधर्वांची’ म्हणूनच ओळखली जातात. मला हे खटकतं. बालगंधर्वांचा गळा थोर, पण चाल कुठून आली हे विसरण्याची काय गरज?

१९३९च्या ‘माणूस’मध्ये सुंदराबाई नायकाच्या आईच्या भूमिकेत पडद्यावर दिसल्या. नाटकाच्या पुस्तकात पदावरच्या त्या ओळीत मूळ गाण्याचं तोंड मिळतं. ते गाणारीचं नाव तिथं छापत नसत.