पोचा: पत्र्याचा की सांगाड्याचा?

मोटारीला ठोकर बसली की मालक विचारतो, "नुसता पोचा आहे ना?" हा प्रश्न कठीण कसा झाला, याचा इतिहास कुर्ला ते कल्याण या पट्ट्यातून चांगला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रने जुळवायला घेतलेली विलीस जीप आठवावी. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी शिडीसारखी चॅसी सगळा भार पेलत असे. मडगार्ड चेमटले तर बिघडे ते मडगार्डच. पोचा ठोकून काढला, वर पुट्टी आणि रंग दिला की काम झाले.

युरोपात मात्र वेगळा विचार रुजला होता. १९२२ मध्ये लान्सियाने 'लाम्ब्डा' गाडीची स्वतंत्र चॅसीच काढून टाकली आणि भार अंगावर सोपवला. १९५३ ची फियाट ११०० याच एकसंध रचनेची. ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे 'पद्मिनी' झाली. मुंबईची ही काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

पत्रा भार कसा पेलतो? वर्गात बुटांचे खोके न्या. झाकण काढून ते दोन्ही टोकांना धरून पिळा, सहज पिळते. मग झाकण चिकटवून पिळून पाहा. कागद तोच, पण ताठपणा कितीतरी वाढलेला. एका बाजूला दारे-खिडक्या कापल्या की तो पुन्हा घटतो. म्हणून गाडीत दारांमधले खांब आणि दाराखालचा उंबरठा महत्त्वाचा.

पाहण्याची रीतही त्यामुळे बदलली. बोल्टने बसवलेले मडगार्ड किंवा बिजागरीवरचे दार चेमटले तर बहुधा वरवरचेच. पण धक्का पुढे बसला असून खांबाजवळ छताला सुरकुती आली, दाराची फट वर अरुंद व खाली रुंद झाली, वेल्डिंगच्या ठिपक्यांवरचा रंग तडकला, तर सांगाडा हलला आहे. खात्री करायची तर कर्ण मोजावेत. दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंमधले तिरके अंतर जुळले नाही, तर चौकोन कलला. सातवीची भूमितीच ही!

यात आणखी एक गुंता आहे. मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांना १९५२ मध्ये मिळालेल्या पेटंटची कल्पना अशी, की प्रवाशांची खोली ताठ असावी आणि पुढचा-मागचा भाग चुरगळून धक्क्याची ऊर्जा शोषून घ्यावा. १९९० च्या दशकाच्या मध्यास प्रीमियरच्या कल्याण कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होऊ लागली, तोवर ही रीत सर्वत्र रुळली होती. अशा गाडीचे नाक चुरगळले म्हणजे पत्रा हलका, असे लोक म्हणतात. ते बरोबर नाही. धोका दुरुस्तीत आहे. पत्रा एकदा घडी पडेपर्यंत वाकला की तिथले पोलाद कठीण होते, आणि ठोकून सरळ केलेली पट्टी पुढच्या वेळी ठरल्या जागी दुमडेलच असे नाही.

जुन्या मऊ पोलादाला गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणे चालून जाई. नव्या गाड्यांच्या खांबांतले अतिबलवान पोलाद कारखान्यात तापवून झटकन थंड केलेले असते. त्यावर ज्योत धरली की ती ताकद जाते, आणि वरच्या रंगावरून ते कुणालाच कळत नाही. तिथे वाकलेला तुकडा कापून, उत्पादकाने नेमून दिलेल्या रेषेवर नवा जोडावा लागतो.