मृगाआधीची बेगमी

'बेगमी' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याच्या कुळाची चौकशी कुणी करीत नाही. फारसीत 'गम' म्हणजे चिंता आणि 'बे' म्हणजे वाचून. पावसाळ्यात चिंता नको म्हणून घरात जे साठवायचे, ती बेगमी. 'बेगम' या शब्दाशी तिचे नाते नाही. तिचे बहुतेक काम मात्र घरातल्या बायकांनीच केले आहे.

जोतिबाच्या डोंगरावर हा शब्द नीट उमगतो. कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे 3,100 फूट उंचीवर वाडी रत्नागिरी हे गाव आहे. पावसाळ्यात तिथे धुके उतरते, वारा पाऊस आडवा झोडपतो, कपडे वाळता वाळत नाहीत. चैत्री पौर्णिमेची यात्रा उरकली, सासनकाठ्या आपापल्या गावी गेल्या की, हातात जेमतेम दीड-दोन महिने उरत. तेवढ्यात या साऱ्या डोंगरपट्ट्यात घरे शाकारायची, म्हणजे कौले उतरवून फुटकी बदलायची. पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून गवताचे किंवा उसाच्या पाल्याचे आडोसे बांधायचे. वाळल्या शेणी रचून झाकायच्या, कारण ओले जळण म्हणजे उपाशी घर. मिरच्या वाळवून वर्षाची चटणी कुटायची, सांडगे-शेवया करायच्या, धान्याला ऊन दाखवून कडुनिंबाच्या पाल्यासह कणगीत भरायचे. गूळ दमट हवेत पाझरतो, म्हणून त्याची ढेप चुलीजवळ, उंचावर. पोत्याच्या खोळी आणि घोंगड्या काढून ठेवायच्या. या सर्वांची मुदत एकच: मृग नक्षत्र.

ही मुदत दख्खनच्या राज्यकारभारानेही मानली होती. हिजरी वर्ष चांद्र. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. पिकाचा सारा अशा वर्षावर कसा वसूल करणार? म्हणून महंमद तुघलकाच्या काळात, 1344 च्या सुमारास, दख्खनेत शुहूर सन सुरू झाला. आकडा हिजरीचा, पण वर्ष सौर, आणि त्याचा पहिला दिवस सूर्य मृगात शिरतो तो. म्हणूनच त्याला 'मृगसाल' म्हणत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, असे अरबी आकडे मोडीत लिहिले जाऊ लागले. शेतकऱ्याचे नक्षत्र आणि मदरशातली गणती एका ओळीत बसली. हा व्यवहारी शहाणपणा आपल्या इतिहासलेखनात फार थोड्या जागेत उरकला जातो, असे मला वाटते.

जोतिबाहून दिसणाऱ्या पन्हाळ्यावर 1660 मध्ये हे साल वेढ्यातच बदलले. 'इहिदे सितैन व अलफ' सुरू झाले तेव्हा आत शिवाजी महाराज होते आणि बाहेर आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर. पाऊस आला की वेढा सैल पडेल, असा साधारण हिशेब. जौहरने पावसातही वेढा उठवला नाही. महाराज जुलैत निसटले, गड सप्टेंबरात आदिलशाहीकडे गेला. दोन्हीकडचे कारकून मात्र वर्षाला एकाच नावाने ओळखत होते. गडावरचा अंबारखाना आजही उभा आहे; गंगा, यमुना, सरस्वती अशी त्याच्या कोठारांची नावे. त्यात 25,000 खंडी धान्य मावे असे सांगतात. तीही बेगमीच, राज्याची. तिची नोंद झाली. घरोघरच्या कणग्यांची आणि त्या भरणाऱ्या बायकांची कुठल्या दप्तरात होणार?

पुढे एसटी आली, गॅस आला, पत्रे आले, दुकाने बारमाही झाली. कणगी अडगळीत गेली. मग 2019 आले. त्या वर्षी ईदुल-फित्र 5 जूनला, म्हणजे मृगाच्या तोंडावरच होती. शेवया ईदच्या आणि बेगमीच्या एकदमच झाल्या. ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांवर गेली; धोक्याची पातळी 43 फूट आहे. आंबेवाडी, प्रयाग चिखली पाण्यात गेली आणि कोल्हापूरहून पन्हाळा-जोतिबाकडे जाणारा रस्ता बुडाला. जुलै 2021 मध्ये पाणी त्याहून वर चढले, पन्हाळ्याचा मुख्य रस्ताही खचला. दोन्ही वेळा शहरात चोहीकडे पाणी, पण उपसा केंद्रे बुडाल्याने नळ कोरडे!

आता नदीकाठच्या घरांत मेअखेरीस माळ्यावर वेगळीच बेगमी चढते: प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सातबारा, म्हाताऱ्यांची महिन्याची औषधे, बॅटरी, पिण्याच्या पाण्याचे कॅन. जनावरांसाठी उंचावर कुणाच्या तरी गोठ्यात जागा बोलून ठेवतात. ते बोलणेही बहुधा बायकाच करतात, माहेरच्या गावी.