सुवर्णसरस : एक शब्द आणि एक लुप्त हस्तविद्या

इटलीतील चेर्वेतेरी येथील रेगोलिनी-गलास्सी ही एट्रुस्कन कबर १८३६ साली उघडण्यात आली. तीत सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील अलंकारांवर सोन्याचे सूक्ष्म रवे बसविलेले होते. पण डाखाचा मागमूस दिसत नव्हता. नेहमीचा डाख तर वितळून रव्यांमधील फटी बुजवितो. ही विद्या पुन्हा शिकविली जावी म्हणून रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने सांत आंजेलो इन वादो या गावातील परंपरागत कारागीर आपल्या कार्यशाळेत आणविले. काम उत्तम झाले. तथापि प्राचीन सूक्ष्मता साधली नाही.

पुढे १९३३ साली इंग्लंडमध्ये लिट्लडेल यांनी एका रीतीचे एकस्व घेतले. ताम्रसंयुग व सरस यांनी रवे चिकटवून तापविले असता सरसाचा कोळसा होतो व तो संयुगातील तांबे मोकळे करतो. सोन्याचा द्रवणांक १०६४ अंश सेल्सिअस. स्पर्शबिंदूवरील तांबेमिश्रित सोने त्याहून शंभरावर अंश आधीच वितळते आणि सांधा जुळतो. प्राचीनांची रीतही बहुधा अशीच असावी.

विशेष हे की, ग्रीक भाषेत सुवर्णकारांच्या हिरव्या ताम्रद्रव्यास ‘ख्रिसोकोल्ला’, म्हणजे ‘सोन्याचा सरस’, असे नाव होते. पहिल्या शतकात प्लिनीनेही त्याचा उपयोग नोंदविला होता. शब्द ग्रंथांत टिकला, विद्वानांनी तो वाचलाही; परंतु गुरूच्या हातून शिष्याच्या हाती जाणारी कृती खंडित झाल्यामुळे त्याचा अर्थ मात्र मुका झाला होता.