काम बंद न ठेवता डेटाबेस क्लाउडवर कसा नेतात?

वसई पूर्वेतल्या वालीवच्या औद्योगिक पट्ट्यासारख्या ठिकाणी सर्व्हर ऑफिसातच असेल, तर पावसाळ्यात धास्ती असते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या अनेक भागांत पाणी भरलं होतं. अॅमेझॉनची क्लाउड सेवा २०१६ पासून मुंबईतूनही मिळते. मग डेटा तिकडे का हलवत नाहीत?

अडचण वेळेची आहे. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून १० टेराबाइट डेटा पाठवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. इतके दिवस बिलिंग आणि डिस्पॅच थांबवणं कुणालाच परवडत नाही.

म्हणून हे काम टप्प्यांत होतं:

१. काम चालू ठेवूनच डेटाबेसची पूर्ण प्रत क्लाउडवर नेतात.

२. प्रत घ्यायला सुरुवात झाल्यापासूनचे सगळे बदल डेटाबेसच्या लॉगमधून क्लाउडवर जात राहतात. याला रेप्लिकेशन म्हणतात.

३. दोन्हीकडच्या नोंदी जुळतात का, ते तपासतात.

४. रात्री नव्या नोंदी थोडा वेळ थांबवतात. शेवटचा बदल पोहोचला की सॉफ्टवेअर क्लाउडला जोडतात. हा कटओव्हर.

तयारी नीट असेल तर काम फक्त या शेवटच्या टप्प्यात, काही मिनिटंच थांबतं.

जुना सर्व्हर मात्र लगेच काढू नये. क्लाउडवरचे बदल उलट त्याच्याकडे पाठवत राहिलं, तर गडबड झाल्यास नोंदी न गमावता मागे फिरता येतं.