वाकसाची खूण आणि सुताराचे नाव

जुन्या सागवानी खांबावर हात फिरवला की बोटांना बारीक लहर लागते. ती वाकसाची खूण होय. यंत्राने सपाट केलेल्या फळीवर ती मिळत नाही. म्हणूनच आजचा शहरी माणूस हातरंध्याच्या कामावर आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आरामखुर्चीवर भाळतो. ही आवड खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले; कारागिरीची पारख आम्ही थोडी पुस्तकांतून आणि अधिक कामगारांच्या हातांकडे पाहून शिकलो. परंतु वस्तूचा इतिहास विचारताना ती घडवणाऱ्याची मजुरीही विचारावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

प्रथम हत्यारांचे पाहू. वाकस, करवत, पटाशी, रंधा, गिरमिट, गुण्या एवढ्या सरंजामावर आमच्याकडच्या सुताराने वाड्यापासून पाळण्यापर्यंत सर्व काही उभे केले. तो जमिनीवर बसून पायाने लाकूड धरी. त्याचे पाय हाच त्याचा शिकंजा. त्याची करवत ओढताना कापी, युरोपातली ढकलताना कापते. लोखंड महाग, म्हणून खिळा कमी. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच घ्यायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. उन्हापावसात लाकूड फुगते, आकसते. असा सांधा त्याच्याबरोबर हलतो, पण सुटत नाही. मुख्य गोष्ट म्हणजे हत्यार सुताराच्या मालकीचे होते. गिरणीतल्या कामगाराला हे भाग्य कधीच लाभले नाही.

पण हत्यार स्वतःचे म्हणजे माणूस स्वतंत्र, असे मात्र नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून बलुत्याची व्यवस्था मांडली. त्या व्यवस्थेत सुताराची गरज मोठी होती. नांगर, वखर, पाभर आणि गाडी त्याच्यावाचून चालत नसे. तरी त्याचा मोबदला सुगीच्या खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. वर्षभर काम आधी, दाणे नंतर. आणि पाऊस चुकला तर दाणेही चुकले. शिवाय धंदा जातीने बांधलेला. सुताराच्या मुलाला दुसरा मार्ग बंद, दुसऱ्याच्या मुलाला हा मार्ग बंद, आणि मुलींना तर दोन्ही. जुन्या काळाचे गोडवे गाणारे ही बाजू बहुधा विसरतात.

आता लाकडाचे. खानदेशाला साग सातपुड्याने दिला. मैदानावर गाडीच्या चाकाला बाभूळ होती, आणि हत्याराची धार बोथट करणारा कठीण अंजन होता. सातपुड्याचे रान भिल्ल व पावरा लोकांचे. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी रान सरकारचे झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या झाडांखाली जन्म काढला त्यांनी एक दांडा तोडला तरी तो गुन्हा ठरू लागला. त्यांच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. खांबावरची वेलबुट्टी पाहताना त्या खांबामागचे हे रानही दिसले पाहिजे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा व्यापाऱ्या-सावकारांच्या हाती खेळू लागला. सुरत-बऱ्हाणपूरच्या जुन्या वाटेवरचा हा प्रदेश. गुजरातचे वळण येथल्या नक्षीकामात दिसले तर नवल नाही. त्याच सुमारास मुंबईत शिसवीचे कोरीव फर्निचर इंग्रजी नमुन्यावर घडत होते. आपल्या घरात तोवर पाट, चौरंग, पेटारा, देव्हारा, पलंग एवढीच सामग्री असे. मेज-खुर्ची घराघरांत शिरली ती कचेरीच्या वाटेने. ज्याला आज आपण 'जुने फर्निचर' म्हणतो त्यातले पुष्कळसे असे साहेबाच्या बैठकीचे आणि आपल्या सुताराच्या हाताचे आहे. साहेबाचे नाव कागदोपत्री सापडते. सुताराचे सापडत नाही.

हा प्रश्न इंग्लंडातही पडला होता. विल्यम मॉरिस हा तिथला कवी व कारागीर. यंत्राच्या मालाला विटून त्याने हाताच्या कामाचा झेंडा उभारला. पण असा माल श्रीमंतालाच परवडतो, हे त्याला स्वतःच्या दुकानात उमगले. म्हणून १८८३ साली तो समाजवाद्यांच्या संघटनेत गेला. हातकामाचे प्रेम माणसाला मजुरीच्या प्रश्नापर्यंत पोचवते, ते असे.

आज जळगाव-धुळ्याकडे काय चित्र आहे? वाडे पडत आहेत. खांब, दरवाजे, तुळया ट्रकमधून मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात जातात. सुतार मात्र प्लायवूड कापतो आहे. हातरंध्यातून लांब छिलके पडतात. यंत्राच्या करवतीतून धुरासारखा बारीक भुसा उडतो. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे. तरी तोंडाला रुमाल बांधून दिवस काढणारे कारागीर आम्ही नित्य पाहतो. २०२३ साली केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली. तीत १८ व्यवसाय, आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य. ते जरूर घ्यावे. पण हत्याराने मजुरीचा दर ठरत नाही, दर ठरतो तो एकजुटीने.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र मोडून वाकसाकडे परत चला, असे आम्ही सांगत नाही. बलुत्याच्या खळ्यावर पुन्हा कोणी उभे राहू नये. पण हातात कसब असणे, कामाचा आदि-अंत आपल्याला ठाऊक असणे, हत्यार आपले असणे, हे सुख काही थोड्या हौशी लोकांच्या सुटीपुरते का राहावे? जुन्या खांबाची किंमत बाजारात हजारांनी होते. तसला खांब कोरू शकणाऱ्या जिवंत हाताची किंमत करण्याची वेळ आली आहे. आणि नवे काम कराल तेव्हा त्यावर सुताराचे नाव कोरू द्या. दीडशे वर्षांनी कोणी बोट फिरवील, तेव्हा त्याला लहरीबरोबर नावही लागावे.